कवितेचे प्रकार: यादी पाठ झाली, पण मोजायचं काय?

कोरी पाटी

‘कवितेचे प्रकार’ शोधायला गेलं की तीच यादी फिरून फिरून समोर येते. ओवी, अभंग, श्लोक, आर्या, लावणी, पोवाडा, भारूड, गौळण, भावगीत, सुनीत, गझल, हायकू, चारोळी, मुक्तछंद, विडंबन, बालकविता, निसर्गकविता. प्रत्येकाखाली दोन ओळींची व्याख्या आणि एक उदाहरण. वाचून परीक्षेत उत्तर लिहिता येईल, पण कविता लिहायला त्यातून काही हाती लागत नाही. शिवाय निसर्गकविता आणि अभंग एकाच यादीत कसे, हेही कळत नाही. निसर्गावर अभंग लिहिला तर तो कुठल्या खान्यात टाकायचा?

या चर्चामंचावरच्या जाणकारांना चार प्रश्न.

एक, यातलं काय कशावरून ठरतं? दोन, खालचा अभंग चालीत म्हणताना बसतो, पण मोजला की फसतो. चूक कुठे आहे?

पावसाची वाट / पाहतो शेतकरी /
डोळे आभाळावरी / लागले रे

तीन, ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघु (आखूड) की गुरू (लांब)? पुढे जोडाक्षर आहे म्हणून शाळेच्या नियमाने गुरू व्हायला हवा, पण वृत्तातल्या कवितांत तो लघुच धरलेला दिसतो. चार, गझल म्हणजे प्रेमाची कविता, एवढंच का? आणि हे सगळं शिकायचं तर सुरुवात कशापासून करावी?

लगक्रम

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच अर्धं दिलं आहे. त्या यादीत तीन वेगवेगळ्या निकषांची सरमिसळ झाली आहे. अभंग, श्लोक, आर्या हे मोजणीवरून ठरतात. सुनीत आणि गझल रचनेवरून ठरतात, म्हणजे ओळी किती, यमक कुठे, वळण कुठे. गौळण, भारूड, पाळणा, निसर्गकविता, विडंबन हे विषयावरून, प्रसंगावरून किंवा सादरीकरणावरून. त्यामुळे गौळण अभंगात असू शकते, विडंबन शार्दूलविक्रीडितात असू शकतं आणि निसर्गकविता मुक्तछंदात. एका कवितेला तीन लेबलं लागली तर त्यात विरोध काहीच नाही.

लिहिणाऱ्याने कुठलाही प्रकार हातात घेतला की आधी एवढंच विचारावं: इथे मोजतात काय? मराठीत मोजणीच्या तीन पद्धती आहेत. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांनी ‘छंदोरचना’त त्यांची नीट विभागणी केली आहे.

छंदात फक्त अक्षरं मोजतात. लघु-गुरू बघतच नाहीत, सगळी अक्षरं सारखीच लांबवून म्हणतात. ओवी आणि अभंग इथले.

वृत्तात, म्हणजे अक्षरगणवृत्तात, अक्षरांची संख्याही ठरलेली आणि कितव्या जागी लघु, कितव्या जागी गुरू हेही ठरलेलं. भुजंगप्रयात, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित, पृथ्वी वगैरे.

जातीत, म्हणजे मात्रावृत्तात, लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरून बेरीज करतात. अक्षरं किती हे मोकळं, मात्रा किती आणि कुठे तुटतात हे बांधलेलं. आर्या, दिंडी, साकी, पादाकुलक या घरातले.

एक जुनी प्रसिद्ध आर्या आहे. तिच्यात ही सगळी मंडळी एकत्र भेटतात:

सुश्लोक वामनाचा अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची /
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची

वामन पंडितांचा श्लोक म्हणजे वृत्त, तुकोबांचा अभंग आणि ज्ञानदेवांची ओवी म्हणजे छंद, मोरोपंतांची आर्या म्हणजे जाती. आता तीच आर्या मोजून बघा. ‘सुश्लोक वामनाचा’: सु २ (पुढे श्लो आहे), श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २, एकूण १२. ‘अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची’: ४ + ४ + ४ + ६ = १८. ‘ओवी ज्ञानेशाची’ पुन्हा १२, ‘किंवा आर्या मयूरपंताची’ पुन्हा १८. १२-१८-१२-१८ या मापाला काटेकोरपणे गीति म्हणतात. मूळ आर्येचा शेवटचा चरण १५ मात्रांचा. पण मराठीत गीतीलाच सर्रास आर्या म्हणतात आणि मोरोपंतांच्या बहुतेक ‘आर्या’ गीतीच आहेत.

आता ‘तुझ्या’. शाळेत नियम अर्धाच शिकवतात. ऱ्हस्व अक्षरापुढे जोडाक्षर आलं आणि त्याचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होतं. ‘सत्य’ म्हणताना ‘स’वर जोर येतो, म्हणून गुरू. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर जोर येत नाही, म्हणून लघु. तसंच ‘पुन्हा’, ‘तुम्ही’, ‘पुण्यात’, ‘दुसऱ्या’, ‘सगळ्या’. कानाला विचारा, डोळ्यांना नको.

डोळे फसवतात अशा आणखी तीन जागा सांगतो. क्ष आणि ज्ञ एकेका चिन्हाने लिहितात, पण ती जोडाक्षरं आहेत, म्हणून ‘अक्षर’मधला ‘अ’ गुरू. उलट ‘अमृत’मधला ‘मृ’ जोडाक्षरासारखा दिसतो, पण तो म् अधिक ऋ, म्हणजे व्यंजन आणि स्वर. त्याने ‘अ’ गुरू होत नाही. ‘अमृत’ हे तीन लघु. आणि जोडाक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असेल (‘मन प्रसन्न’) तर मराठीत मागच्या ‘न’ला सहसा गुरू करत नाहीत, संस्कृतात मात्र करतात.

टाळकरी

अभंगाचं मी बघते.

तुम्ही घेतलाय तो मोठा अभंग. त्याचं माप ६-६-६-४, एकूण २२ अक्षरं, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. ‘देवाचिये द्वारी’ हा हरिपाठाचा अभंग याच मापाचा, त्यावरून या छंदाला देवद्वार हे नाव पडलं. नमुना म्हणून हा घ्या:

सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी /
कर कटावरी / ठेवोनिया

सुं-द-र-ते-ध्या-न ६, उ-भे-वि-टे-व-री ६, क-र-क-टा-व-री ६, ठे-वो-नि-या ४. बोलताना ‘ध्यान’चा ‘न’ आपण अर्धा म्हणतो, छंदात तो पूर्ण अक्षर धरायचा. जोडाक्षर कितीही भरगच्च असलं तरी एकच अक्षर.

तुमची ओळ: पा-व-सा-ची-वा-ट ६, ठीक. पा-ह-तो-शे-त-क-री ७. डो-ळे-आ-भा-ळा-व-री ७. ला-ग-ले-रे ४. एकूण २४. चालीत बसते कारण गाताना दोन अक्षरं एका जागेत दामटता येतात. गाथेतही एखादं अक्षर जास्त असलेले चरण सापडतात, आणि टाळाच्या ठेक्यात ते खपून जातात. पण शिकताना ही सवलत घेऊ नका, नाहीतर माप कानात बसतच नाही.

दुसरा दोष मोजणीत दिसत नाही. ‘लागले रे’मधला ‘रे’ भरतीचा आहे. चौथा चरण चार अक्षरांचाच असल्यामुळे नवशिक्याचा अभंग नेहमी तिथेच पोकळ होतो: ‘रे’, ‘हो’, ‘पहा’, ‘जाणा’. तो चरण यमकातून मोकळा आहे, म्हणजे सगळ्यात वजनदार शब्द ठेवायला हीच जागा. ‘ठेवोनिया’ बघा, तिथे वाक्य पुरं होतं.

एक दुरुस्ती अशी होऊ शकेल:

पावसाची वाट / पाहे शेतकरी /
डोळे ढगांवरी / खिळलेले

६-६-६-४. यमक शेतकरी-ढगांवरी, तुमचंच.

लहान अभंगाला ८-८, आणि दोन्ही चरणांच्या शेवटी यमक: ‘जे का रंजले गांजले / त्यासी म्हणे जो आपुले’. मोजून घ्या, बरोबर आठ-आठ. सूत्ररूप बोलायचं असेल तर हा बरा, कारण दोन घावांत वाक्य संपवावं लागतं. मोठ्या अभंगात चित्र उभं करायला जागा मिळते.

शेवटच्या कडव्यातल्या नाममुद्रेचा हिशेबही आधी करून ठेवा. ‘तुका म्हणे’ ही चार अक्षरं. मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात त्यानंतर फक्त दोन उरतात: ‘तुका म्हणे माझे / हेचि सर्व सुख’. तुमच्या नावाची मुद्रा पाच अक्षरांची झाली तर एकच अक्षर उरेल आणि तिथे ‘की’ नाहीतर ‘गा’ कोंबण्याची पाळी येईल.

ओवीबद्दल सगळ्या याद्या ‘साडेतीन चरणी’ म्हणून पुढे जातात. ग्रंथातल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं आणि चौथा अपुरा, बिनयमकाचा. चरणांची लांबी मात्र सैल. ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या: ‘ॐ नमो जी आद्या / वेदप्रतिपाद्या / जय जय स्वसंवेद्या / आत्मरूपा’. ६, ६, ८, ४. पुढच्याच ओवीत पहिला चरण सात अक्षरांचा आहे. म्हणजे अभंगापेक्षा ओवी मोजायला सोपी आणि साधायला अवघड. माप हात धरत नाही, वाक्याची लयच सांभाळावी लागते. दीर्घ निरूपणाला ती शोभते याचं कारणही हेच: एक ओवी संपली तरी अर्थ पुढच्या ओवीत वाहता ठेवता येतो. एकनाथांची ओवी आणखी ऐसपैस आहे. जात्यावरची ओवी या ग्रंथातल्या ओवीपेक्षा वेगळी. तिथे मोजमाप जात्याच्या फेऱ्याचं आणि गळ्याचं, कागदावरच्या अक्षरांचं नव्हे.

कोरी पाटी

दुरुस्ती लख्ख कळली, दोघांचेही आभार. मग आता अभंग सोडून वृत्ताकडे वळू का? भुजंगप्रयात सगळ्यात सोपं असं वाचलंय.

लगक्रम

सोपं आहे, कारण एकच तुकडा चार वेळा येतो: लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू). बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे बहुतेक मराठी कानांना ते आधीपासून ठाऊक असतं. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ ही ओळ ‘गणाधी / शजोई / शसर्वां / गुणांचा’ अशी तोडून म्हणा. शब्द कुठे संपतो हे विसरायचं, अक्षरं सलग लिहायची आणि तीन-तीनचे गट पाडायचे. लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, लावताना नवशिके शब्दागणिक तोडतात आणि तिथेच गोंधळतात.

लिहिताना अडचण वेगळीच येते. ओळीची सुरुवात लघूने झाली पाहिजे आणि त्यानंतर लगेच दोन गुरू. म्हणजे ‘माझ्या’, ‘आता’, ‘पाऊस’ यांनी ओळ सुरू होऊच शकत नाही. ‘जरी’, ‘कधी’, ‘तुझा’, ‘मला’, ‘पुन्हा’ यांनी होते. ‘पाऊस’ हा गागाल. तो दुसऱ्या, पाचव्या किंवा आठव्या अक्षरापासूनच बसेल (‘न पाऊस येई’). आणि ‘कविता’ हा शब्द ललगा, तर भुजंगप्रयातात दोन लघु कधीच शेजारी येत नाहीत. तेव्हा ‘कविता’ या वृत्तात कुठेच बसत नाही, कितीही खटपट करा. म्हणून विषय ठरला की त्यातले चार-पाच अटळ शब्द आधी कागदावर लिहा, त्यांचा लगक्रम लावा आणि मग वृत्त निवडा. उलट्या क्रमाने गेलात की साध्या शब्दाच्या जागी भलताच जुनाट शब्द येतो आणि कविता शंभर वर्षं मागे जाते.

ऱ्हस्व-दीर्घाची थोडी मोकळीक आहे. वृत्तासाठी कवीला शुद्धलेखनाचा ऱ्हस्व-दीर्घ मोडता येतो, ‘आणि’चं ‘आणी’ करता येतं. एका कवितेत एकदा ठीक. प्रत्येक कडव्यात दिसलं की वाचक ओळखतो.

शार्दूलविक्रीडित ऐकायचं असेल तर लग्नाला जा. ‘स्वस्ति श्री गणनायकं गजमुखं’ इथे बारा अक्षरांवर यती, म्हणजे श्वास घ्यायची जागा, आणि उरलेली सात अक्षरं पुढे. गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. एकोणीस. यतीच्या जागी शब्द मध्येच तुटला तर अक्षरं बरोबर असूनही ओळ अडखळते.

तुणतुणं

वृत्ताआधी मात्रा शिकाव्यात, असं माझं मत. लगक्रमभाऊंना पटणार नाही. पण अक्षरगणवृत्तात नवखा माणूस अर्थ सोडून जागा भरत बसतो. मात्रावृत्तात दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो, त्यामुळे बोलीतले शब्द बोलीतल्याच क्रमाने येऊ शकतात.

पादाकुलक घ्या. सोळा मात्रा, आठ अधिक आठ.

घरी परतल्या / गाई सगळ्या
दिवे लागले / दारी दारी

‘घरी परतल्या’: १+२+१+१+१+२ = ८. ‘दिवे लागले’: १+२+२+१+२ = ८. लगक्रम वेगळा, बेरीज तीच. आता पहिल्या ओळीचे तेच शब्द जरा हलवा: ‘गाई परतल्या घरी सगळ्या’. बेरीज तरीही १६. पण म्हणून बघा, पाय लचकतो. कारण ‘गाई परतल्या’ नऊ मात्रांचं आणि पुढचं सात. आठवी मात्रा ‘ल्या’ या गुरूच्या मधोमध पडते, ठेका तिथे अक्षर कापायला बघतो आणि ते कापता येत नाही. ‘मात्रा मोजल्या, बरोबर आहेत, तरी लय का नाही’ अशी तक्रार आली की शंभरातल्या नव्वद वेळा हेच कारण निघतं. नुसती बेरीज नव्हे, आठ-आठचे तुकडे तपासा.

शब्द कापला गेला तर मात्र चालतं. अनंत फंदींचा फटका, म्हणजे उपदेशाची कविता, बघा:

बिकट वाट वहि / वाट नसावी / धोपट मार्गा / सोडु नको

८-८-८-६, तीस मात्रा. ‘वहिवाट’ हा शब्द पहिल्या आठांवर दुभंगतो, तरी लय सरळ धावते, कारण चीर ‘हि’ आणि ‘वा’ यांच्या मध्ये पडते, कुठल्याही गुरूच्या पोटात नाही. आणि इथे ‘सोडू’ असं शुद्ध लिहिलंत तर ३१ मात्रा होतात. म्हणताना ‘सोडु’च म्हणायचं.

वृत्त-मात्रा म्हणजे जुनाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी मर्ढेकरांची पिपातल्या उंदरांची कविता मोजून बघावी. पहिली ओळ नेमकी ८+८.

दिंडी ९+१०, साकी १६+१२. कीर्तनात आणि किर्लोस्करांच्या संगीत नाटकांत त्या भरपूर आहेत. आज कोणी लिहीत नाही, पण कान तयार करायला छान.

लावणी आणि पोवाडा कागदावर शिकू नका. लावणीचा कणा आठ किंवा सहा मात्रांचं आवर्तन, आणि ते ढोलकीवर ऐकल्याशिवाय कळत नाही. पोवाड्यात ओळी लहानमोठ्या असतात, चाल मध्येच बदलते, मधे गद्य येतं, झिलकरी ‘जी जी जी’ धरतात तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा छापील वाचला तर ओबडधोबड वाटतो. डफ-तुणतुण्यावर तोच उभा राहतो. ‘पोवाडा लिहिला’ म्हणून कुणी सोळा मात्रांची आटोपशीर कडवी पाठवली तर ते शौर्यगीत म्हणावं.

लगक्रम

पटत नाहीच! मात्रांपासून सुरुवात केलेल्यांना पुढे लगक्रम पाळायला जड जातं, सवलतीची सवय लागते. पण ‘गाई परतल्या’चं उदाहरण झकास आहे.

मतला

गझलेबद्दल. प्रेमाची कविता हा विषयाचा भाग झाला. गझल हा आकृतिबंध आहे, त्यात शेतीपासून राजकारणापर्यंत काहीही येतं. सुरेश भटांच्या गझला वाचल्यात की हा प्रश्नच उरत नाही. त्यांची ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका आधी मिळवा.

नियम उदाहरणावरच सांगतो. शेर म्हणून साधेच आहेत, रचना दिसावी एवढ्यापुरते:

उन्हाने जरी सोडला गाव माझा
तरी सावलीला हवा ठाव माझा

किती बोललो मी, किती ऐकले मी
कुणाला कळेना तरी भाव माझा

वृत्त वर आलंय तेच, भुजंगप्रयात. दोन ओळींचा एक शेर. पहिला शेर म्हणजे मतला, त्याच्या दोन्ही ओळींत यमक हवं. पुढच्या शेरांत फक्त खालच्या ओळीत. ‘माझा’ हे जसंच्या तसं परत येतं, तो रदीफ. त्याच्या आधी गाव, ठाव, भाव, हे काफिये. आणि या काफियांत ‘व’च्या आधी टिकून राहणारा ‘आ’ हा स्वर, ती अलामत. वृत्त, रदीफ आणि काफिया मिळून गझलेची जमीन. मतल्यात ती एकदा ठरली की शेवटपर्यंत बदलत नाही. किमान पाच शेर असावेत असा प्रघात.

चुका कुठे होतात? पहिली, अलामत सुटणे. या गझलेत ‘डाव’, ‘घाव’ चालतील. ‘जीव’, ‘देव’ चालणार नाहीत, ‘व’ जुळला तरी.

दुसरी चूक लिंगाची. ‘नाव’ हा काफिया वृत्तात बसतो, अलामतही जुळते, पण ‘नाव माझा’ होत नाही, ‘नाव माझं’ होतं. रदीफ ‘माझा’ घेतलात की पुल्लिंगी नसलेले सगळे काफिये बाद. म्हणून मतला पक्का करण्याआधी काफियांची यादी करा, प्रत्येक शब्द रदीफासकट मोठ्याने म्हणा आणि सहा-सात धडके उरतात का ते बघा. तीनच उरले तर रदीफ बदला. ‘आहे’, ‘कधी’, ‘अजूनही’ असे रदीफ लिंगाच्या कचाट्यातून बरेचसे सोडवतात.

तिसरी, नुसत्या प्रत्ययावर काफिया चालवणे: बोलतो, पाहतो, सांगतो. मैफलीत चालवून घेतात, पण कच्चंच. मराठीत कुठलंही क्रियापद ‘तो’ला जुळतं, मग यमकात गंमत काय राहिली?

चौथी आणि सगळ्यात मोठी, शेर स्वतंत्र नसणे. प्रत्येक शेर गझलेतून उचलून एकटा ठेवला तरी पुरा वाटायला हवा. पुढच्या शेरावाचून अर्थ लागत नसेल तर ती गझलेच्या वृत्तातली कविता झाली. वाईट असं नव्हे, पण गझल नाही. वरच्या ओळीत जे उभं केलंय ते खालच्या ओळीत सुटायला हवं, तेही रदीफाच्या अगदी आधी, काफियावर. म्हणून सराव करताना खालची ओळ आधी लिहा आणि मग तिला योग्य अशी वरची ओळ शोधा. वरून खाली लिहीत गेलं की खालची ओळ नुसती काफिया गाठायला धावते.

मक्ता, म्हणजे शेवटच्या शेरात कवीचं नाव, मराठीत बंधनकारक मानत नाहीत.

टाळकरी

सुनीत आणि हायकू राहिले की.

सुनीत, म्हणजे सॉनेट, चौदा ओळींचं. केशवसुतांचं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) हे मराठीतलं पहिलं मानतात. बाहेरून दोन घाट आले: इटालियन ८+६ आणि शेक्सपिअरचा ४+४+४+२. मराठी कवींनी वृत्त बहुधा शार्दूलविक्रीडित घेतलं, म्हणजे १९ गुणिले १४, एकूण २६६ अक्षरांत विषय मांडून, वळवून, संपवायचा. ८+६मध्ये वळण नवव्या ओळीला हवं. ते नसलं तर चौदा ओळी मोजून भरल्या तरी नुसती चौदा ओळींची कविता उरते. शेक्सपिअरच्या घाटात शेवटच्या दोन ओळी आधीच्या बारांना उलटं वळण देतात. तिथे आधीचंच पुन्हा सांगितलं की सुनीत बसलं.

हायकूतल्या ५-७-५ चा मराठीत फार बाऊ करतात. जपानीत मोजतात ते एकक आपल्या अक्षराएवढं नाही. आपण ‘टोक्यो’ दोन अक्षरांत लिहितो, जपानीत त्याचे चार तुकडे पडतात, तो-ओ-क्यो-ओ. त्यामुळे १७ मराठी अक्षरांत जपानी हायकूपेक्षा बरंच जास्त मावतं, आणि मोजून लिहिलेला हायकू हमखास बोलका होतो. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला तो तीन छोट्या ओळी आणि एक क्षण या अंगाने. ऋतूची खूण आणि दोन चित्रांमधला खंड, या दोन गोष्टी सांभाळा. तिसऱ्या ओळीत जीवनावरचं भाष्य आलं की तो हायकू नव्हे. चारोळीत मात्र ते चालतं, किंबहुना चारोळी त्यावरच उभी असते: चार ओळी, दुसरी-चौथी यमकात, टोला शेवटी.

कोरी पाटी

मुक्तछंदावर कोणीच बोललं नाही. तिथे मोजायचं काही नसतं म्हणून का?

लगक्रम

असतं. कवी अनिलांनी मुक्तछंद मांडला तेव्हा त्यात लय होती: ओळींची लांबी मोकळी, पण आत अक्षरांचे सारखे गट पुन्हा पुन्हा येतात. आज ज्याला सरसकट मुक्तछंद म्हणतात त्यातलं बरंचसं गद्यकवितेत मोडतं, तिथे गटही नाहीत. त्याच अनिलांनी पुढे दहा ओळींची दशपदी बांधली आणि त्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हेही लक्षात असू द्या.

मुक्तछंदात ओळ कुठे तोडायची हाच सगळा प्रश्न. तपासणी अशी: कवितेच्या सगळ्या ओळी सलग एका परिच्छेदात लिहा आणि कवितेशी संबंध नसलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. तुम्ही जिथे तोडलंय तिथे त्याचा श्वास आपसूक थांबला, किंवा तिथे न थांबल्यामुळे अर्थाचं काहीतरी हरवलं, तर ती तोड खरी. दोन्ही नाही झालं तर ती ओळ उगाच तुटली आहे, जोडून टाका. ओळीच्या शेवटी ‘आणि’, ‘की’, ‘च्या’ लोंबकळत ठेवण्याची खोड तर पहिल्यांदा मोडा.

तुणतुणं

आणि त्या शेतकऱ्याच्या अभंगाची पुढची दोन कडवी लिहून इथेच टाका. ‘ढगांवरी’ घेतलंय, तर पुढे ‘सरी’, ‘घरी’, ‘उरी’ खुणावतील. ते टाळा, दुसऱ्या कडव्याला नवं यमक घ्या. चौथ्या चरणात ‘रे’ दिसला तर टाळकरीताई सोडणार नाहीत.